तिसऱ्या दिवशीची कुदळ

स्वाहिली भाषेत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. 'बाबू' म्हणजे आजोबा. 'मामा' म्हणजे आई, आणि आईच्या वयाची कुठलीही बाई. आम्ही 2009 साली बडोद्याहून टांझानियात, दार-एस-सलामला गेलो तेव्हा लेक वर्षाची होती. पुढं बोलायला लागल्यावर ती फोनवर आजीला सांगायची, "दादानं न्हाऊ घातलं, दादानं वेणी घातली." दांडिया बाजारातल्या घरी आईला काही उलगडेना. मुलीला सांभाळायला आम्ही कुणा पुरुषमाणसाला ठेवलंय की काय, अशी तिला शंका. मी समजावून सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बहीण म्हणून हाक मारता तिला. मग जेवते कुठं ती?"

ती स्वयंपाकघरात जेवायची. आमचं झाल्यावर, वेगळ्या ताटात. मी आईला म्हटलं, "आमच्याबरोबरच." त्या खोट्याला आता पंधरा वर्षं होतील. तिकडच्या आयुष्याबद्दल लिहायला बसले की पहिलं तेच आठवतं.

बारा वर्षं मी तिथं होते. न्येरेरे रोडवरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळा माझ्याकडे होती. मलेशियाहून येणारं कच्चं पामतेल, सिंगिडाकडून येणारं सूर्यफुलाचं तेल. त्यांची आम्लता तपासायची, रंग तपासायचा, सही करायची. पगार डॉलरमध्ये. हाताखालच्या मुलांपैकी दोघं तिथल्याच विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे पदवीधर होते, माझ्याएवढंच शिकलेले, आणि त्यांचा पगार माझ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. असं का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

परत आल्यापासून लोक मला विचारतात, "तिकडं कसं हो? फारच मागास असेल ना?" हा सूर मी ओळखते. जाताना तोच घेऊन गेले होते. वीज जाते, पाणी टँकरनं येतं, पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होते, कचेरीत साहेब जागेवर नसतात: हे सगळं तिथं होतं आणि यातलं काहीही बडोदेकराला परकं नाही. परकी होती ती एक वेगळीच गोष्ट, आणि ती शिकवली फाटकावरच्या रखवालदारानं.

साठी ओलांडलेले, ताठ कण्याचे. सगळे त्यांना बाबूच म्हणायचे. सुरुवातीच्या दिवसांत मी गाडीची काच खाली करून विचारायची, "ट्रक आला का?" ते शांतपणे म्हणायचे, "हबारी झा असुबुही?" म्हणजे, सकाळची काय खबर? मला वाटे, यांना माझी तोडकीमोडकी स्वाहिली कळली नाही. मी पुन्हा विचारायची. ते पुन्हा सकाळची खबर विचारायचे. महिनाभरानं प्रयोगशाळेतल्या एका मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिथं आधी माणसाची विचारपूस होते. घर कसं आहे, मुलं कशी आहेत, रात्र नीट गेली का. मग काम. आणि वयानं मोठ्या माणसाशी बोलताना त्याही आधी 'शिकामो' म्हणायचं असतं.

शिकामो या शब्दाच्या मुळाशी 'मी तुमचे पाय धरते' असा अर्थ आहे. मोठ्या माणसानं त्यावर म्हणायचं, 'मराहाबा'. हे ऐकून मला लाज वाटली. सणासुदीला दांडिया बाजारातल्या वाड्यात आम्हा मुलांना रांगेत उभं करून आजी प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया पडायला लावायची, अगदी गडीमाणसात मोडणाऱ्या म्हाताऱ्या रामोशीबाबांच्यासुद्धा. वय म्हणजे वय, असं तिचं म्हणणं. ते सगळं मी विमानात बसताना कुठं ठेवून आले होते? दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरले, फाटकाशी गेले आणि म्हटलं, "शिकामो, बाबू." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "मराहाबा" म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला 'मामा' म्हणायचं सोडून 'बिंती' म्हणू लागले. बिंती म्हणजे मुलगी. ट्रक आला होता, तेही सांगितलं.

बाबूंकडूनच मी ती म्हण ऐकली: 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. 1962 साली उजामाची, म्हणजे कुटुंबभावाच्या समाजवादाची कल्पना मांडताना टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरेंनी हीच म्हण वापरली होती. "तुम्हाला इथं किती वर्षं झाली?" बाबूंनी विचारलं. तेव्हा सहा झाली होती. त्यांनी मान हलवली, पुढं काही बोलले नाहीत.

ते सहा वर्षांचं पाहुणेपण कसं असतं, ते सांगायला हवं. उपांगा भागात आमची इमारत. खिडक्यांना जाळ्या, जिन्याला जाळी, खाली पहारेकरी. अठरा बिऱ्हाडं, अठराही भारतीय वंशाची. बहुतेक गुजराती, त्यामुळं आम्हा बडोदेकरांना तिथं रुळायला चार दिवसही लागले नाहीत. किसुटूच्या गल्लीत देवळं, तिथंच फरसाण, तिथंच पापड. गणपतीत गावातली मराठी घरं एका हॉलमध्ये जमायची, आरत्या व्हायच्या आणि मूर्ती हिंदी महासागरात जायची. शहरभर स्वाहिलीतून आपलेच शब्द ऐकू यायचे: दुकानाला दुका, लाखाला लाकी, विम्याला बिमा, कचुंबरीला कचुंबारी, रिक्षाला बजाजी. शब्द इतके आत शिरलेले, आणि माणसं जाळीच्या अलीकडे.

खालच्या मजल्यावर एक बा राहायच्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे वडील पेटलादहून जहाजानं आले होते. मी बडोद्याची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "तो तमे अमारा राजाना गामना!" पेटलाद गायकवाडांच्या राज्यात होतं, आणि सयाजीरावांनी 1906 पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून आपल्या वडिलांना हिशेब लिहिता आला, म्हणून ते आफ्रिकेत दुकान टाकू शकले, असा बांचा सरळ हिशेब होता. त्यांच्या देवघराशेजारी न्येरेरेंचा फोटो. मला नवल वाटलं, कारण 1971 च्या कायद्यानं एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारनं ताब्यात घेतल्या, त्यात बांच्या वडिलांची किसुटूतली इमारतही गेली होती. स्वतःच्याच घरात ते सरकारचे भाडेकरू झाले. मी विचारलं तर बा म्हणाल्या, "एणे घर लई लीधुं, पण अमने काढी नथी मूक्या." घर घेतलं, पण आम्हाला हाकललं नाही. शेजारच्या युगांडात 1972 साली इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन सगळ्या आशियाईंना बाहेर काढलं, त्या दिवसांत बांच्या मावसबहिणी दोन पेट्या घेऊन लंडनला उतरल्या. आणि न्येरेरे तर स्वातंत्र्याच्या आधीच, 1961 मध्ये, नागरिकत्व कातडीच्या रंगावरून ठरवू देणार नाही म्हणून स्वतःच्या पक्षातल्या लोकांशी भांडले होते.

या माणसाबद्दल मी तिथं जितकं ऐकलं तितकं कुणाबद्दलच नाही. लोक त्यांना म्वालिमू म्हणतात, म्हणजे शिक्षक. सव्वाशेच्या आसपास जमाती असलेल्या देशाला त्यांनी एक भाषा दिली, जी कुठल्याच बड्या जमातीची नव्हती. आज दार-एस-सलाममध्ये दोन माणसं भेटली तर एकमेकांची जमात विचारण्याआधी त्यांचं तासभर बोलणं होतं. शेजारच्या देशांत जमातींच्या नावानं रक्त सांडलं तेव्हा टांझानिया शांत राहिला, याचं मोठं श्रेय त्या भाषेला जातं. मी भाषावार प्रांतरचनेच्या देशातून गेले होते, मला याचं अप्रूप वाटलं ते आजतागायत आहे. पण त्याच न्येरेरेंच्या राज्यात सत्तरच्या दशकात लाखो शेतकऱ्यांना जुन्या वस्त्यांवरून उचलून नव्या खेड्यांत नेऊन बसवलं, बऱ्याच ठिकाणी बळजबरीनं, आणि शेती कोलमडली. आणि पक्ष एकच. दर दहा घरांमागं पक्षाचा एक माणूस, 'न्युंबा कुमी'ची पद्धत. त्याला म्हणायचे बलोझी, म्हणजे राजदूत. भांडण झालं तर तो मिटवायचा, कुणी आजारी पडलं तर तो धावायचा, आणि कोण काय बोलतं हेही वर पोचवायचा. एकाच माणसात तिन्ही.

मला याचा निवाडा करता येत नाही. बाबूंना करता येत होता. ते तरुणपणी अशाच एका हलवलेल्या खेड्यात राहिले, तिथंच लिहायला-वाचायला शिकले, तिथंच त्यांच्या धाकट्या भावंडानं उपासमारीत जीव सोडला. तरी न्येरेरेंचं नाव काढलं की ते उभे राहायचे. "ते चांगले होते," म्हणायचे. "त्यांच्यानंतरचे त्यांच्या चांगुलपणावर जगतात."

हे वाक्य ऐकलं आणि मला बडोदं आठवलं. आम्ही बडोद्याची मराठी माणसं सयाजीरावांच्या पुण्याईत वाढलो. शाळा त्यांची, ग्रंथालय त्यांचं, बाग त्यांची, आजवा तलावाचं पाणी त्यांचं. घरात आजोबा 'महाराज' म्हणायचे तेव्हा आवाज खाली यायचा. चांगला राजा मिळाला की राज्य चांगलं होतं, ही समजूत मी दुधाबरोबर प्यायले. पण याच चांगल्या राजानं 1913 साली ज्यांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते भीमराव आंबेडकर 1917 मध्ये शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकायचे. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी जे भोगलं, त्याची जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शाळेत असताना त्या बागेत मी कितीदा आगगाडीत बसले असेन. ती गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. महाराजांचा हुकूम अमेरिकेपर्यंत पोचत होता, गल्लीतल्या दारापर्यंत पोचला नाही.

आणि उपांगात, शंभर वर्षांनंतर, मी स्वतः त्या दाराच्या आत बसले होते. जवळच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना आमच्या इमारतीत फ्लॅट भाड्यानं हवा होता. त्या टांझानियन होत्या. इमारतीची बैठक झाली. कुणीही वावगा शब्द उच्चारला नाही. स्वयंपाकाचे वास, येणारेजाणारे पाहुणे, पाण्याचा प्रश्न, एवढंच बोलणं झालं आणि नकार ठरला. मी बोलले नाही. मला वाटलं, मी तर इथं पाहुणी, इमारतीच्या कारभारात मी कशाला पडू. 2024 मध्ये बडोद्यात एका सरकारी घरकुल योजनेत मुस्लिम बाईंना सोडतीत लागलेल्या घराला तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, ती बातमी वाचली तेव्हा मला ती बैठक पुन्हा दिसली. तीच वाक्यं होती.

पाहुणी आहे, हे कारण फार सोयीचं असतं. 2015 मध्ये जॉन मागुफुली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. 9 डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनी, संचलन रद्द करून त्यांनी सगळ्या देशाला रस्ते झाडायला लावले आणि स्वतः कचरा उचलला. कॉलराची साथ होती. आम्हीही कारखान्यासमोरचं गटार साफ केलं. बाबू माझ्या हातात कुदळ देऊन हसले, "आज तुमचा तिसरा दिवस." मी खरंच आनंदात होते. सरकारी कचेऱ्यांत साहेब वेळेवर येऊ लागले, फाईल हलायला लागली. 'हापा काझी तू', इथं फक्त काम, ही त्यांची घोषणा. आम्ही परदेशी लोक तर फारच खूश.

मग 2016 मध्ये विरोधकांच्या सभांवर बंदी आली. वर्तमानपत्रं बंद व्हायला लागली. सप्टेंबर 2017 मध्ये विरोधी नेते टुंडू लिस्सू यांना डोडोमात घराशी गोळ्या घातल्या, सोळा लागल्या, ते वाचले. प्रयोगशाळेतली पोरं दुपारी रेडिओ लावायची, ती लावेनाशी झाली. जेवताना राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी फुटबॉलचा काढायचं. मी मक्याच्या पिठाची उगली आणि माठाच्या भाजीचा घास घेत ऐकत राहायची. एकदा त्या दोघा पदवीधरांतल्या एकानं मला सरळ विचारलं, "मामा, तुमच्याकडे तर लोक सरकारला शिव्या देतात म्हणे. कसं जमतं?" मी काहीतरी मोघम बोलले. आमच्याकडेही सगळ्यांना सारखं जमत नाही, हे मला सांगता आलं असतं.

2020 च्या मे महिन्यात कोविडच्या रुग्णांचा सरकारी आकडा 509 वर आला आणि तिथंच राहिला. त्यानंतर आकडाच दिला नाही. देवाच्या कृपेनं साथ गेली, असं जाहीर झालं. कारखान्याच्या मालकांनी आम्हाला मास्क दिले, ते वापरताना बाहेर नजरा चुकवाव्या लागत. 2021 च्या फेब्रुवारीत लोक भराभर जाऊ लागले आणि कारण एकच सांगितलं जायचं: श्वासाची अडचण. बाबूंना ती सोमवारी सुरू झाली. शुक्रवारी गेले. त्यांच्या घरी, टेमेकेच्या आतल्या वस्तीत, मी गेले तेव्हा चटईवर बायका बसल्या होत्या. 'पोले' म्हणायचं असतं अशा वेळी; एका शब्दात सांत्वन. त्यांची नात, तेव्हा बारावीच्या वयाची, माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बीबी म्हणते, कशानं गेले ते कुणाला बोलू नका." बीबी म्हणजे आजी. मी नाही बोलले. मी मान हलवली. मार्चच्या 17 तारखेला खुद्द राष्ट्राध्यक्ष वारले. सरकारनं हृदयविकार सांगितला. गावात लोक पुटपुटत होते.

जुलैत आम्ही परतलो. निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेनं मला एक खांगा भेट दिली, त्या कापडावर नेहमीप्रमाणं एक वाक्य छापलेलं होतं. 'दादा'ला, म्हणजे लेकीला सांभाळणाऱ्या मुलीला, आम्ही शिवणयंत्र आणि सहा महिन्यांचा पगार दिला. शेवटचे काही महिने ती आमच्याबरोबर टेबलावर जेवत होती. पहिल्या दिवशी ती संकोचानं अर्ध्या खुर्चीवर बसली होती आणि लेक ओरडली होती, "दादा, नीट बस ना!" लेकीला वर्षानुवर्षं हे खटकत होतं, आम्हाला सांगायला ती घाबरत होती.

आता आम्ही कारेलीबागेत राहतो, आई आमच्याकडे. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावर वीतभर गाळ; बाहेरच्या रस्त्यावर मगर दिसल्याच्या आरोळ्या. चार दिवस आम्ही गल्लीतले सगळे फावडी घेऊन गाळ उपसत होतो. पाचव्या दिवशी एक पदाधिकारी पाहणीला आले. गल्ली भडकलेली होती, ओरडाआरडा झाला. मी सवयीनं मागं उभी होते. मग मला वाटलं, इथं तर मी पाहुणी नाही. गायकवाडांची फौज 1734 मध्ये या शहरात कायमची आली, तिच्या मागोमाग आमचा कारकुनी करणारा पूर्वज आला, पिढ्या झाल्या. मी पुढं झाले आणि गुजरातीत विचारलं, नदीच्या घळी बुजवून बांधकामाला परवानगी कुणी दिली? ते गृहस्थ माझं आडनाव विचारून म्हणाले, "बेन, तमे तो महाराष्ट्रना." शेजारच्या पटेलकाकी माझ्याआधी कडाडल्या, "ए अमारा छे!" त्यानंतर मी माहिती अधिकारात अर्ज केला. मुदत उलटल्यावर अर्धवट उत्तर आलं. अपील केलं आहे. आई दर आठवड्याला विचारते, "काय झालं तुझ्या कागदाचं?"

गेल्या वर्षी, 29 ऑक्टोबर 2025 ला टांझानियात मतदान झालं. लिस्सू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. त्या दिवशी दार-एस-सलामच्या रस्त्यांवर तरुण पोरं उतरली, गोळ्या चालल्या, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. ज्या देशाच्या शांततेचं मी बारा वर्षं कौतुक केलं तो देश फोनमध्ये एका करड्या खुणेवर थांबला. प्रयोगशाळेतल्या दोघांना, 'दादा'ला, बाबूंच्या नातीला, सगळ्यांना मी मेसेज केले होते. एकही पोचला नाही. चौथ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन जवळजवळ 98 टक्के मतांनी निवडून आल्याची बातमी आली. लेक रात्री माझ्याजवळ येऊन झोपली. तिला झोप नव्हती, स्वाहिलीत काहीतरी पुटपुटत होती.

इंटरनेट परत आलं त्या दिवशी मी आईच्या गोळ्या काढत होते. फोन वाजला. बाबूंच्या नातीचा मेसेज. ती आता तिथल्या एका शाळेत शिकवते. माझ्या सात-आठ प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नव्हतं. एकच शब्द होता.

"शिकामो."

मी लिहिलं, "मराहाबा, बिंती." मग रात्र कशी गेली, बीबी कशी आहे, शाळेतली मुलं कशी आहेत, एकेक करून विचारायला लागले. तिकडं ती टाइप करत असल्याचं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं.